ड्यून सरकली की कॅमेरा कलला? मंगळावरच्या वाळूचं एक प्रकरण

हे एका एमएस्सी प्रोजेक्टचं प्रकरण आहे. कॉलेज आणि माणसं सांगत नाही, गरजही नाही. जागा मात्र सांगतो, कारण जागेशिवाय हे कळणारच नाही. मी यात बाजूला बसून बघणारा होतो, गाईड मॅडमनी मला अधूनमधून आकडे बघायला बोलावलं होतं एवढंच.

पार्श्वभूमी

मंगळावर वाळूच्या टेकड्या आहेत हे १९७२ पासून माहीत आहे. मरीनर ९ हे यान तिथे पोचलं तेव्हा अख्खा ग्रह धुळीने झाकलेला होता, धूळ बसल्यावर प्रॉक्टर नावाच्या विवरात काळ्या लाटांसारखं काहीतरी दिसलं, त्या ड्यून होत्या. पण त्या हलतात का, हा वाद पुढे तीसेक वर्षं चालला. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की नसतील हलत, कारण तिथली हवा आपल्या हवेच्या साधारण एक टक्का घनतेची, एवढ्या विरळ हवेने दाणा उचलायचा तर वारा भयंकर जोरात हवा, आणि तसा वारा लँडरना क्वचितच सापडला. शिवाय तेव्हाच्या चांगल्यात चांगल्या कॅमेऱ्याचा पिक्सेल दीड मीटरच्या आसपास, म्हणजे टेकडी मीटरभर सरकली तरी फोटोत पत्ता लागायचा नाही. ध्रुवाजवळच्या काही छोट्या ड्यून आक्रसल्या, गायब झाल्या असं मात्र त्या फोटोंतही दिसलं होतं.

मग २००६ ला मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर आलं, त्यावरचा हायराईज कॅमेरा २५ ते ३० सेंटिमीटरचा पिक्सेल देतो. चित्र पालटलं ते इथे. २०१२ मध्ये नीली पटेरा या जागेवरचं काम छापून आलं, त्यात १०५ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंवरून रिपल्सचं, म्हणजे ड्यूनच्या अंगावरच्या वाळूच्या छोट्या लाटांचं, सरकणं मोजलं होतं, आणि निष्कर्ष असा की तिथली वाळूची वाहतूक अंटार्क्टिकातल्या व्हिक्टोरिया व्हॅलीतल्या ड्यूनच्या तोडीची आहे. ज्या सॉफ्टवेअरने हे मोजलं, कोसी-कॉर, ते मुळात भूकंपात जमीन किती सरकली हे बघायला कॅलटेकमध्ये बनवलं होतं. २०१९ मध्ये ५० हून जास्त ड्यून फील्ड एकत्र बघून सरासरी वेग आला तो पृथ्वीच्या एका वर्षाला अर्धा मीटर, साधारण. पृथ्वीवरच्या वाळवंटात चंद्रकोरीच्या आकाराच्या ड्यून, ज्यांना बार्खान म्हणतात, त्या वर्षाला दहा-वीस मीटर सहज जातात, काही त्याहून जास्त.

आपल्या प्रोजेक्टच्या दोघा विद्यार्थ्यांनी (एक ती, एक तो) नीली पटेराच घेतलं. सिर्टिस मेजर या काळ्या भागातलं, विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला. वारा पूर्व-ईशान्येकडून, त्यामुळे ड्यून पश्चिम-नैर्ऋत्येकडे सरकतात, बार्खानची शिंगंही तिकडेच. काही ड्यूनची उंची ५० मीटरच्या वर. प्रश्न साधा होता, २०१८ च्या मोठ्या धुळीच्या वादळाच्या आधीचा एक फोटो आणि नंतरचा एक फोटो घ्यायचा, टेकड्या किती हलल्या ते काढायचं. हे तेच वादळ ज्यात ऑपर्च्युनिटी रोव्हर जूनमध्ये गप्प झालं.

अडचण

फोटो तिने निवडले. निकष काय, तर स्वच्छ हवा, चांगला कॉन्ट्रास्ट, दोन्हीत सगळं फील्ड येतंय. तयार नकाशावर बसवलेले फोटो फुकट मिळतात ते उतरवले, एकावर एक ठेवले आणि स्क्रीनवर आलटून पालटून ब्लिंक केले. टेकड्या हलताना दिसल्या. अगदी डोळ्यांना दिसेल अशा, माथ्याची धारदार रेघ सरळ पश्चिमेला उडी मारत होती. मोजलं तर मोठ्या ड्यूनचे माथे सहा मीटरच्या आसपास सरकलेले, एका मंगळवर्षापेक्षा थोड्या जास्त काळात.

मंगळवर्ष म्हणजे ६८७ दिवस. छापील सरासरीने या काळात मीटरभर सरकायला हवं. इथे सहापट.

आणि खरी गोची इथे झाली, की या आकड्याला गोष्ट तयार होती. वादळ. ग्रहभर वादळ झालं, वारा जोरात होता, वाळू जास्त हलली. दिशाही बरोबर, पश्चिमेलाच. तो तर म्हणाला, "मॅडम, हे पेपर मटेरियल आहे." प्रेझेंटेशन जवळ आलेलं.

मॅडमनी फक्त टेबल मागितलं, प्रत्येक ड्यूनची उंची एका रकान्यात आणि माथा किती सरकला ते दुसऱ्यात. टेबलात दिसत होतं की जेवढी ड्यून उंच तेवढी जास्त सरकलेली. हे उलटं आहे. ड्यून सरकते म्हणजे मागच्या बाजूची वाळू वाऱ्याने माथ्यावर येते आणि पुढच्या उतारावर, स्लिप फेसवर, घरंगळते. आता वाळूचा पुरवठा सगळीकडे साधारण सारखा धरला तर उंच ड्यूनला एक मीटर पुढे जायला कितीतरी जास्त वाळू लागते, म्हणून मोठ्या ड्यून हळू जातात आणि पिल्लं पळतात. पृथ्वीवर हेच दिसतं, मंगळावरही.

यावर तिने जे उत्तर दिलं ते मला आवडलं, कारण ते वाचून आलेलं होतं. ती म्हणाली की नीली पटेरातच दाखवलंय ना, ड्यूनच्या पाठीवर जसजसं वर जावं तसे रिपल्स जास्त वेगाने सरकतात, मग उंचीबरोबर वेग वाढला तर बिघडलं कुठे? मुद्दा खरा आहे. पण तो एकाच ड्यूनच्या अंगावरच्या रिपल्सचा आहे, पायथ्याकडे कमी आणि माथ्याकडे जास्त. इथे आपण वेगवेगळ्या ड्यूनचे माथे एकमेकांशी ताडून बघतोय. दोन्ही ठिकाणी 'उंची' असली तरी प्रश्न वेगळे आहेत. म्हणजे नुसत्या टेबलावरून तिला चूक म्हणता येत नव्हतं आणि बरोबर तर नाहीच नाही.

मग फोटोंची लेबलं उघडली, म्हणजे फोटोसोबत येणारी कोन, तारीख वगैरेची नोंद. पहिला फोटो जवळजवळ सरळ खाली बघून घेतलेला, दुसऱ्यात यान कललेलं, सुमारे ७ अंश, आणि यान होतं फील्डच्या पूर्वेला. हातात पेन उभं धरून डोकं बाजूला नेलं की मागच्या भिंतीवर पेनाचं टोक सरकलेलं दिसतं, भिंतीला चिकटलेली वस्तू तिथेच राहते, तसलाच हा प्रकार. हिशोब अगदी शाळेतला: ५० मीटर उंचीचा माथा, ७ अंश कोन, ५० गुणिले टॅन ७, उत्तर ६.१ मीटर. २५ सेंटिमीटरचा पिक्सेल धरला तर चोवीसेक पिक्सेल. वाळूचा एक दाणाही हलला नाही तरी एवढं सरकणं दिसणार.

हे यान ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतं, त्यामुळे ते कललं की खोटं सरकणं साधारण पूर्व-पश्चिम दिशेत येतं. आणि नीली पटेरात खरं सरकणंही जवळपास त्याच रेषेत. ड्यून दक्षिणेकडे जाणाऱ्या असत्या तर ही गडबड पहिल्याच दिवशी लक्षात आली असती.

पर्याय

समोर काय काय होतं ते सांगतो, सगळ्यांना सारखी जागा देत नाही.

आहे तेच मांडायचं आणि 'एरर असू शकतो' अशी ओळ टाकायची, हा पर्याय कोणी मोठ्याने बोललं नाही पण हवेत होता.

दुसरा पर्याय त्याने सुचवला. ड्यूनच्या मधल्या उघड्या खडकावर खुणा धरायच्या, मोठे दगड, भेगा, छोटी विवरं, आणि दुसरा फोटो ओढून-ताणून पहिल्यावर बसवायचा. हे करायलाच हवं होतं, पण याने मूळ रोग जात नाही. खडक सपाटीवर आहे, तो बसला तरी ५० मीटर वरचा माथा सरकलेलाच दिसणार. उलट धोका वाढतो, कारण खडक नीट जुळलेले बघून माणूस निर्धास्त होतो.

तिसरा, उंचीचं मॉडेल म्हणजे डीटीएम घेऊन दोन्ही फोटो त्यावर पसरवायचे, ऑर्थो करायचे, म्हणजे सरळ वरून बघितल्यासारखे करायचे. हाच शास्त्रशुद्ध मार्ग. या जागेचं डीटीएम उपलब्ध आहे, नसतं तरी दोन कोनांतून घेतलेली स्टिरिओ जोडी आणि नासाचं एम्स स्टिरिओ पाइपलाइन हे सॉफ्टवेअर वापरून करता येतं, फुकट आहे, फक्त मशीन आणि सहनशक्ती लागते. एक खोच अशी की डीटीएम एका ठरावीक वेळेचं असतं. ड्यून त्यानंतर खरोखर पुढे गेली असेल तर स्लिप फेसच्या पट्ट्यात, जिथे आधी सपाट जमीन होती आणि आता वाळूचा उतार आहे, तिथे मॉडेल जुनी उंची सांगतं. चूक लहान असते, पण असते नेमकी तिथे जिथे आपल्याला मोजायचंय.

चौथा, फोटोच असे निवडायचे की दोन्हींचा कोन जवळपास सारखा आणि ऋतूही सारखा. ऋतू का, तर हे यान नेहमी दुपारी तीनच्या सुमारासच त्या जागेवरून जातं, वेळ तीच पण सूर्य वर्षभरात उत्तर-दक्षिण सरकतो. तीनच्या उन्हाची दिशा एका ऋतूत पश्चिम-वायव्येची आणि दुसऱ्या ऋतूत नैर्ऋत्येची. सावल्या फिरतात, तिरक्या रिपल्सच्या वेगवेगळ्या बाजू उजळतात, माथ्याची रेघ जाडबारीक होते. मंगळावर ऋतू एल-एस नावाच्या कोनाने सांगतात, ० ते ३६०, तो दोन्ही फोटोंत जवळ हवा. तोटा एवढाच की अशा अटी घातल्यावर ढीगभर फोटोंतून मूठभर जोड्या उरतात, आणि त्यांचं वादळाच्या आधी-नंतरशी जुळेलच असं नाही.

पाचवा मॅडमचा, आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीचा. माथा सोडा, पायथा मोजा. स्लिप फेस जिथे खडकाला टेकतो ती रेघ. तिची उंची शेजारच्या खडकाएवढीच, म्हणजे कोनाने येणारं खोटं सरकणं जवळपास शून्य. शिवाय इथे नशीब बाजूने होतं, स्लिप फेस पश्चिम-नैर्ऋत्येला तोंड करून आणि दुपारचं ऊन पश्चिमेकडून, म्हणजे तो उतार उन्हात लख्ख आणि पायथ्याची रेघ सावलीत बुडत नाही. पूर्वेकडे तोंड असलेल्या ड्यूनला ही सोय मिळाली नसती.

काय केलं

आधी एक उलटतपासणी. मॅडम तिला म्हणाल्या, "अगं, स्टिरिओ जोडी घे आणि तुझ्याच पद्धतीने मोज, बघू काय येतं." स्टिरिओचे दोन फोटो काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेले असतात, तेवढ्या काळात टेकडी म्हणजे फार तर काही सेंटिमीटर, आणि कोनातला फरक मात्र मुद्दाम मोठा, पंधरा-वीस अंशांचा. तिने मोजलं. ड्यून काही आठवड्यांत डझनभर मीटर पूर्वेला गेल्या होत्या, वाऱ्याच्या तोंडावर. लॅबमध्ये सगळे हसले, तीही हसली, आणि वादळाची गोष्ट तिथे संपली.

आता निर्णय घ्यायचा होता की प्रोजेक्टचा प्रश्नच बदलायचा का. वादळामुळे किती फरक पडला हे एका जोडीतून कळणं तसंही अवघड. २०१४ मध्ये याच जागेवर एका मंगळवर्षात घेतलेल्या बऱ्याच फोटोंवरून काम झालंय, त्यात वाळू वर्षभर हलते आणि ऋतूप्रमाणे कमीजास्त होते हे दिसलं होतं, मंगळ सूर्याच्या जवळ असतो त्या काळात जास्त. म्हणजे वादळाचा हिस्सा वेगळा काढायचा तर आधी नेहमीचा चढउतार माहीत हवा, त्यासाठी फोटोंची माळ हवी. तो अडून बसला होता, त्याला वादळ सोडवत नव्हतं. शेवटी ठरलं की वादळ बाजूला, लांब काळाची एक जोडी घ्यायची, जवळपास दहा वर्षांचं अंतर, कोन आणि एल-एस शक्य तितके जवळचे, आणि त्यावर पायथा मोजायचा. काळ लांब घेतला की खरं सरकणं साठत जातं, एरर मात्र तेवढाच राहतो.

डीटीएमचं कामही सोडलं नाही, ते त्याच्याकडे दिलं, रिपल्ससाठी. हा भाग किचकट निघाला. तिथल्या मोठ्या रिपल्समधलं अंतर दोन-तीन मीटर, आणि दोन फोटोंच्या मधल्या काळात रिपल एक पूर्ण अंतर पुढे गेली तर ती शेजारणीच्या जागी जाऊन बसते आणि सॉफ्टवेअरला वाटतं काही हललंच नाही. म्हणून रिपल्सना जवळच्या तारखा लागतात आणि ड्यूनना लांबच्या. एकाच जोडीत दोन्ही बसवायला जाऊ नये, वाळूची ही दोन घड्याळं वेगळ्या गतीची आहेत.

त्याच्या पहिल्या नकाशात उभे सरळ पट्टे आले होते, पट्टीने आखल्यासारखे, ड्यूनच्या आरपार आणि खडकावरूनही. निसर्गात असं काही नसतं. हायराईजचा फोटो शेजारी-शेजारी बसवलेल्या अनेक सेन्सरच्या पट्ट्यांनी बनतो आणि यानाची बारीक थरथर त्यात उतरते, ते पट्टे म्हणजे हे. त्याने आधी फिल्टर लावून ते पुसायचं बघितलं, मग मॅडमच्या सांगण्यावरून तसं न करता फक्त खडकाचे तुकडे घेतले आणि त्यांचं 'सरकणं' मोजलं. खडक सरकत नाही, त्यामुळे तिथे जो आकडा येईल तोच आपला एरर. त्याच्या खालचं काहीही मोजलं असं म्हणायचं नाही, असा नियम भिंतीवर लागला.

निकाल

पायथ्याच्या मोजणीत ड्यून पश्चिम-नैर्ऋत्येलाच सरकलेल्या दिसल्या, काही मीटर, पण जवळपास दहा वर्षांत. वर्षाचा हिशोब केला तर छापील आकड्यांच्या रांगेत बसतो. लहान ड्यून पुढे, मोठ्या मागे. उंची गुणिले वेग केलं, म्हणजे मीटरभर रुंदीतून वर्षाला किती वाळू जाते त्याचा ढोबळ अंदाज, तर लहान-मोठ्यांचे आकडे एकमेकांच्या बरेच जवळ आले. पहिल्या टेबलात उलटं दिसत होतं ते इथे सुलट झालं.

एक ड्यून मात्र कुठेच बसेना. तिच्या एका शिंगाचा पायथा पुढे आलेला आणि मधला भाग जवळपास जागेवर. जवळून बघितलं तर मागून येणाऱ्या छोट्या बार्खानचं शिंग तिला एका बाजूने टेकलेलं होतं, म्हणजे त्या बाजूला वाळूचा जास्तीचा पुरवठा. तिला सरासरीतून काढायचं की ठेवायचं यावर चर्चा झाली. तिने ठेवलं आणि वेगळी मांडली. मला हे पटलं, कारण ड्यून म्हणजे काही एकसंध ढेकूळ नाही आणि 'ड्यून इतकी सरकली' या एका आकड्यात तिची मोडतोड लपते.

रिपल्सचं काम अर्धवट राहिलं. जवळच्या तारखांची, सारख्या कोनाची चांगली जोडी मिळाली ती एकच, त्यात पाठीवर वर जाताना वेग वाढतो हे दिसलं, पण माथ्याजवळच्या पट्ट्यात आकडे इतके विस्कटलेले होते की ते प्रेझेंटेशनमधून काढून टाकले. परीक्षकांनी नेमकं तिथेच विचारलं आणि दोघांनी खडकाचा आकडा दाखवला. मार्क बरे पडले.

वेगळं काय करता आलं असतं

फोटो डोळ्यांना छान दिसतो म्हणून निवडणं, सगळं तिथून बिघडलं. लेबल आधी उघडायचं: कोन, एल-एस, तारीख. त्याचा छोटा तक्ता करून मगच फोटो उतरवायचे, एकेक फाईल शेकडो एमबीची असते.

स्टिरिओवरची उलटतपासणी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती. जिथे उत्तर जवळपास शून्य असायला हवं तिथे आपली पद्धत काय दाखवते हे आधी बघायचं. ही तपासणी सोपी आहे म्हणून लोक टाळतात असं माझं निरीक्षण आहे, अवघड असती तर कौतुकाने केली असती.

वादळाचा प्रश्न सोडून देणं बरोबर होतं का, यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, एमएस्सीच्या वेळेत तेवढंच शक्य होतं. मला वाटतं सोडायच्या ऐवजी आकसून घेता आला असता. एकच बार्खान, एकच स्लिप फेस, आणि पायथ्याच्या रेघेची फोटोंची माळ, वादळाच्या आधीची दोन-तीन मंगळवर्षं आणि नंतरचं एक. दरवर्षी त्याच एल-एसचा फोटो मिळाला तर नेहमीच्या वर्षात किती आणि वादळाच्या वर्षात किती हे शेजारी ठेवता येतं. फील्डची सरासरी मिळाली नसती, पण मूळ प्रश्न तोच राहिला असता. अडचण एवढीच की एका वर्षाचं सरकणं आणि खडकाचा एरर यात फारसं अंतर उरत नाही, आणि मॅडम बोट ठेवतात ते तिथेच.

त्याने आता पुढच्या बॅचसाठी ध्रुवाजवळची ड्यून फील्ड सुचवली आहेत. तिथे हिवाळ्यात कार्बन डायऑक्साइडचा बर्फ साचतो, वसंतात उडून जाताना स्लिप फेसवर खळगे पडतात आणि वाळू खाली कोसळते, २०११ मध्ये हे छापून आलंय. म्हणजे तिथे पायथ्याची रेघ वाऱ्याशिवायही पुढे येऊ शकते, आणि नीली पटेरात जी रेघ सगळ्यात भरवशाची ठरली तिच्यावर तिथे डोळे झाकून विसंबता येणार नाही. पायथ्याऐवजी तिथे काय धरायचं, हे ठरल्याशिवाय फोटो उतरवायचे नाहीत असं मॅडमनी सांगून ठेवलंय.